कोरडा तळहात

माझ्या नोकरीची अट एकच होती. शिवी वाचताना तळहाताला घाम येता कामा नये.

शिक्षण, अनुभव, वय, बाकी काहीही चालणार होतं. मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होते आणि मिरजेच्या एका शाळेत चोवीस वर्षं इंग्रजी शिकवून घसा बसवून घेतला होता. माझं नाव रूपाली मगदूम. माझ्या पिढीत प्रत्येक वर्गात तीन रूपाली असायच्या, त्यामुळे आपण कुणी खास आहोत असं वाटायची मला सवय नव्हती. पण मुलाखतीत त्यांनी हाताला पट्टी चिकटवली, पडद्यावर इंग्रजीतल्या वंशावरून, वर्णावरून, देशावरून दिलेल्या साठ निवडक शिव्या एकामागून एक दाखवल्या, आणि माझा हात शेवटपर्यंत कोरडाठाक राहिला. मुलाखत घेणारा पोरगा म्हणाला, "मॅडम, असा हात आम्ही पाहिलाच नव्हता." चोवीस वर्षांत मुख्याध्यापकांनी माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं.

आता ही नोकरी कसली ते सांगते. कर्णफूल तुम्हीही वापरत असाल. नखाएवढी चकती, कानामागे चिकटवायची. समोरचा जगातल्या कुठल्याही भाषेत बोलो, तुम्हाला ते तुमच्या भाषेत, त्याच्याच आवाजात ऐकू येतं. सगळे त्याला नुसतं फूल म्हणतात. फूल बाजारात आलं तेव्हा शिव्यांचं काय करायचं हा मोठाच प्रश्न होता. आधी कंपनीने त्या सरळ गाळून टाकल्या. मग समोरचा पिसाळलाय हेच लोकांना कळेना. गोड बोलतोय असं समजून माणसं पुढे जायची आणि मार खाऊन यायची. उलट, जिवलग मित्र एकमेकांना ज्या नावांनी हाका मारतात तीही गळाली, आणि पंचवीस वर्षांच्या दोस्त्या अचानक सरकारी पत्रव्यवहारासारख्या वाटायला लागल्या.

तेव्हा ठरलं की शिवी गाळायची नाही, तोलायची. प्रत्येक शब्दाची धग मोजायची, शून्य ते दहा. कुणी म्हटला, कुणाला, कुठल्या साली, कुठल्या आवाजात, यावरून आकडा ठरणार. मग एका भाषेतल्या आठ धगीच्या शब्दाला दुसऱ्या भाषेतला आठ धगीचाच शब्द. त्यासाठी कंपनीने इंग्रजी बोलीतल्या शिव्यांचा चारशे वर्षांचा साठा गोळा केला. खलाशांची पत्रं, कोर्टातले जबाब, जुनी वर्तमानपत्रं, रेडिओ, शाळांच्या मैदानावरची ध्वनिमुद्रणं. यंत्राला शिकवायला आधी माणसांनी हे सगळं वाचून आकडे द्यायचे होते.

इंग्रजी घरात वाढलेली माणसं या कामाला टिकेनात. लहानपणी आईबापाच्या रागासकट जो शब्द कानावर पडतो, तो शरीरात मुरतो. नंतर तो नुसता दिसला तरी घामाच्या ग्रंथी जाग्या होतात, कातडीतून वीज जास्त सहज वाहते, आणि पट्टीला जोडलेल्या पडद्यावरची रेषा वर चढते. अर्थ डोक्यात पोचण्याच्या बेतात असतो तोवर शरीराचं दचकून झालेलं असतं. पुस्तकातून शिकलेल्या भाषेचं तसं नाही. तिच्यातली शिवी थंडच राहते. आम्हाला तर इंग्रजी शिव्या परीक्षेलाही नव्हत्या. म्हणून कंपनीने मिरजेत कार्यालय थाटलं आणि माझ्यासारख्या चाळीस जणींना कामावर घेतलं. दर सहा महिन्यांनी तळहाताची तपासणी. हात ओला झाला, की आकडा झुकणार, म्हणून नोकरी संपली.

काही जणी तपासणीआधी हाताला तुरटी चोळायच्या. मला तिची गरज कधी पडली नाही, आणि हे मी पहिली दोन वर्षं घरी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते.

काम मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? शिव्यांचा इतिहास म्हणजे माणसांनी एकमेकांकडे कसं पाहिलं त्याचा इतिहास. बहुतेक शिव्या मुळात अगदी साध्या असतात. आयरिश माणसांत एक नाव फार, म्हणून त्या नावाचं लघुरूप सगळ्यांनाच चिकटवलं. जर्मन आंबवलेला कोबी खातात, म्हणून लढाईत ते कोबी झाले. आपला कुलीच घ्या. हा शब्द किनाऱ्यावरच्या कोळ्यांवरून आला की तमिळमधल्या मजुरीवरून, याचा वाद अजून मिटलेला नाही. इंग्रजांच्या गुलामांची सुटका झाली, तेव्हा मळ्यांवर राबायला करार लिहून घेऊन आपली माणसं गयाना, त्रिनिदाद, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळपर्यंत नेली, आणि तिथे हमालाचं नाव अख्ख्या लोकांचं झालं. पुढे वकील असो, व्यापारी असो, तो कुलीच. शब्द तोच, पण त्याच्यामागे चाबूक उभा राहिला की त्याची धग वाढते. हे मी नव्या मुलींना शिकवायचे. छान शिकवायचे.

आणि मग मी स्वतः काय केलं ते ऐका.

माझी एकुलती एक मुलगी शर्वरी पुलांच्या बांधकामाचं शिकायला बर्मिंगहॅमला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. दीड वर्षापूर्वी एका संध्याकाळी तिने पडद्यावर मार्लनची ओळख करून दिली. उंच, रुंद खांद्यांचा, काळाभोर मुलगा. विजेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. आजीआजोबा गयानाहून आलेले. त्याने हात जोडून "नमस्कार" म्हटलं, तेही सराव करून आल्यासारखं. मी हसले. मग तोंड जरा बाजूला करून शेजारी बसलेल्या नवऱ्याला पुटपुटले, "हिला काय हा हबशीच मिळाला होता?"

मार्लनच्या कानामागे फूल होतं. फुलाला पुटपुटलेलंही ऐकू येतं.

पडद्यावर मार्लनचा चेहरा हलला नाही. फक्त त्याचे जोडलेले हात सावकाश खाली गेले. शर्वरीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पडदा काळा झाला.

यंत्राने चुकीचं भाषांतर केलं असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत फिरले. हबशी म्हणजे हबश देशाचा, इथिओपियाचा, दख्खनच्या इतिहासात हबशी वजीर झाले, जंजिऱ्याला राज्य केलं त्यांनी, हा काय अपशब्द आहे? माझ्या नवऱ्याचं, बाहुबलीचं, मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तो शब्दांच्या भानगडीत पडत नाही. तो एवढंच म्हणाला, "रूपा, तू इतिहास सांगालीस. पण तवा तुझ्या तोंडावर वजीर नव्हता बग."

यंत्र चुकलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी, मराठी पुस्तकातून शिकलेलं कुणी मिळेना म्हणून, सहा महिने मी मराठी यादीवर बसले होते. हबशी: साध्या आवाजात दोन, तुच्छतेने म्हटल्यास आठ. आकडा माझाच. यंत्राने माझ्या आवाजातली तुच्छता मोजली, इंग्रजीत त्याच लोकांसाठी आठ धगीचा कुठला शब्द आहे ते पाहिलं आणि तो मार्लनच्या कानात घातला. अमेरिकेच्या कापसाच्या मळ्यांतून, चाबकाच्या आवाजातून आलेला तो शब्द. तोही मुळात नुसता 'काळा' होता.

लग्न त्यांनी पाच महिन्यांनी तिथेच नोंदणी करून केलं. आम्हाला फोटो आले.

त्यानंतर शर्वरी फोन करायची, पण बापाला. माझ्याशी हवापाण्याचं बोलायची. मग एक दिवस बाहुबलीने दुकानातून घरी येऊन सांगितलं, पोरीला दिवस गेलेत, तिसरा महिना आहे. मी नाचायचीच बाकी होते. लगेच तिला फोन लावला आणि जे कुठलीही आई म्हणेल ते म्हणाले. पहिलं बाळंतपण माहेरी. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा आहे? सातव्यात ये.

"नाही येणार," ती म्हणाली.

"अगं, असं काय?"

"आई, माझं बाळ तुझ्या हातात पहिल्यांदा देताना मला तुझ्या तोंडाकडे बघत बसायचं नाही."

मी माफी मागितली. चांगली मागितली. कुठे थांबायचं, कुठला शब्द जड होतो, कुठला पोकळ, हे मला कळतं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "कुठला शब्द कुठे वापरायचा, ते तुला जगात सगळ्यात चांगलं माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून मला तुझ्या माफीचं काय करावं तेच कळत नाही."

त्या दिवशी मी रडले. माझ्याकडे शब्दांशिवाय काहीच नव्हतं आणि ते तिला नको होते.

पंधरा दिवसांनी, रविवारी संध्याकाळी साडेपाचला, मार्लनचा फोन आला. एकटाच होता, स्वयंपाकघरात. त्याचा कान मोकळा होता.

"मी फूल काढून ठेवलंय," तो इंग्रजीत, सावकाश म्हणाला. "तुम्हीही काढा. शर्वरीच्या पोटात काही ठरत नाहीये. आंबील, आंबील म्हणते. ते कसं करतात?"

मी फूल काढलं आणि माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सांगायला लागले. ज्वारीचं पीठ आणलंस का? ताकात कालवून रात्रभर ठेवायचं. उद्या पाणी उकळून त्यात ओतायचं, ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. तो लिहून घेत होता.

"लसूण?"

"आमच्यात नाही घालत. जिरं घाल."

त्याने जिरं लिहिलं. मग मान वर न करता म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही जे म्हणालात..."

माझ्या जिभेवर हबश देश, वजीर, जंजिरा, सगळे रांगेत उभे होते. "म्हणाले," मी म्हटलं. "यंत्र नाही. मीच म्हणाले."

त्याने मान वर केली. "ताक किती घालू?" त्याने विचारलं.

तेव्हापासून दर रविवारी तो फोन करायला लागला. आंबील जमली, मग धपाटे, मग मुगाच्या डाळीचं कढण. बाहुबली दुकान बंद करून मुद्दाम लवकर यायचा. दोघांचं तांब्याच्या तारेवरून आणि जळलेल्या गुंडाळ्यांवरून जे जमायचं, ते मला दोन्ही भाषांत कळायचं नाही. एका रविवारी मार्लनची आजी एनिड येऊन बसली. ब्याऐंशी वर्षांची, गयानात जन्मलेली, तोंडाची फटकळ. येणाऱ्या बाळाबद्दल ती खुशीत म्हणाली, "आमच्या घरात डग्ला येणार!"

मी ताडकन उठले. दोगला! हा शब्द आपल्याच मजुरांनी बोटीतून तिकडे नेलेला, दोन रक्तांच्या पोराला हिणवायला केलेला. माझ्या नातवाला? एनिडला माझा चेहरा दिसला. ती फिसकन हसली.

"अगं बाई, तुमच्याच लोकांनी तो आमच्या शेजारच्या पोरांना दिला. लहानपणी मीही त्यावरून मारामाऱ्या केल्यात. आता ती पोरं छाती काढून सांगतात, आम्ही डग्ला. तुला बोचला का? बोचू दे. आपलं माणूस असलं की बोचतं."

मी खाली बसले. तिने वाईट अर्थाने म्हटलं नव्हतं, हे तिच्या तोंडाकडे बघून लहान पोरालाही कळलं असतं.

शर्वरी मात्र बधेना. सहावा महिना लागला तरी तिचं एकच. "मार्लन सगळ्यांनाच माफ करतो, तो त्याचा स्वभाव. मी तुझी मुलगी आहे, माझा तसा नाही."

त्याच महिन्यातला एक रविवार मी विसरणार नाही. मार्लन कढण ढवळत होता, पाठ माझ्याकडे. मीच विचारलं, त्या दिवशी तुझ्या कानात पडला तो शब्द तुला पहिल्यांदा कधी ऐकायला मिळाला? मला वाटलं तो मारामारीचं काहीतरी सांगेल.

"नऊ वर्षांचा होतो," तो म्हणाला. "बसथांब्यावर बाकावर बसलो होतो. एक म्हातारा आला, स्वच्छ कोट, हातात कुत्र्याची दोरी. तो शब्द म्हणाला आणि म्हणाला, जरा सरक. रागाने नाही. अगदी प्रेमाने, कुत्र्याशी बोलत होता तसं."

"मग?"

"मी सरकलो. आणि सॉरी म्हणालो." त्याने गॅस बारीक केला. "त्याचं म्हणणं मी विसरलो असतो. माझं सॉरी विसरत नाही."

अशा हजारो नोंदी माझ्या हाताखालून गेल्या होत्या. मऊ आवाज, राग नाही, धमकी नाही. अशा नोंदींना मी तीन देत आले होते. यंत्र आता त्या म्हाताऱ्याचं वाक्य दुसऱ्या कुठल्या पोराच्या कानात नुसतं 'बाळा, जरा सरक' म्हणून घालत असेल, आणि हे मी त्याला शिकवलं होतं.

पुढच्या गुरुवारी तपासणी होती. आमची साहेब शिरीन मुजावर, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, माझ्याच शाळेतली विद्यार्थिनी. तिने पट्टी चिकटवली. "मॅडम, तुमचं काय, दहा मिनिटांत मोकळ्या," ती म्हणाली, आणि तिने यादी सुरू केली.

आयरिश गेले, जर्मन गेले, ज्यू, चिनी, अरब, सगळे आले आणि गेले. कुली आला, रेषा सपाट. मग एक ध्वनिमुद्रण लागलं. शाळेचं मैदान, मागे पोरांचा गलका, आणि एका बाईचा मऊ आवाज. तो शब्द, आणि पुढे, "रांगेत मागे जा, राजा."

मला आधी काही कळलं नाही. फक्त पट्टीखाली ओलं लागलं. शिरीनने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रेषा वर चढली होती आणि खाली यायला तयार नव्हती.

"पट्टी सैल असेल," ती म्हणाली. तिने दुसरी लावली, ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं. मला खरंच त्या मैदानावर जाऊन त्या बाईच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. रेषा आणखी वर गेली.

शिरीनने दार लोटून घेतलं. खणातून तुरटीचा खडा काढून माझ्यासमोर ठेवला. "उद्या फेरतपासणी लावते. सकाळी हाताला चोळून या. मॅडम, तुमच्यासारखं काम इथे कुणाला येत नाही. तुम्ही गेलात तर या मुलींना कोण शिकवणार?"

तिचं खरं होतं. मला ते काम प्यारं होतं. सकाळी उठून जायला जागा होती, कुणीतरी मॅडम म्हणत होतं, चारशे वर्षांचा इतिहास रोज माझ्या मेजावर येत होता. पंचावन्नाव्या वर्षी हे पुन्हा कुठे मिळणार? मी खडा हातात घेतला, थोडा वेळ धरून ठेवला आणि परत तिच्या मेजावर ठेवला.

"शिरीन, ज्याला लागत नाही तोच सांगणार, दुसऱ्याला किती लागतं. सहा वर्षं मी हेच करत होते आणि मला त्याचा अभिमान होता. या मऊ आवाजाला तीन कुणी दिलेत, बघ. मी दिलेत. चुकलं, असं लिही. आणि मला त्या रेषेचा कागद छापून दे."

"कागद कशाला?"

"हवाय."

खरं सांगते, मला दुःख व्हायला पाहिजे होतं. कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना मला आनंद झाला होता. मोठा, मूर्खासारखा आनंद. रिक्षावाल्याने विचारलं, "काय ताई, लॉटरी लागली काय?"

घरी येऊन कागदाचा फोटो शर्वरीला पाठवला. सोबत एक शब्दही लिहिला नाही. बर्मिंगहॅमला जाईपर्यंत ती या रेषा रोज बघत होती. दर सहा महिन्यांनी माझी सपाट रेषा मी कौतुकाने फडताळाला चिकटवायचे, त्यांच्याशेजारी तिची शाळेतली जुनी प्रगतिपुस्तकं असायची.

वीस मिनिटांनी तिचा फोन आला.

"नोकरी गेली?"

"गेली."

"तुरटी का नाही लावलीस?"

"नाही लावली."

"कुठल्या शब्दाला एवढी चढली?"

मी सांगायला तोंड उघडलं. सहा वर्षांत तो शब्द मी लाखभर वेळा वाचला होता, मुलींना खडूने फळ्यावर लिहून दाखवला होता. ओठ हलले, पण आवाज निघेना. परत एकदा प्रयत्न केला. माझी मुलगी पडद्यावरून माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि माझ्या तोंडातून काही येत नव्हतं. मग मला रडूच आलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आई, राहू दे. नको म्हणूस."

मागे मार्लन भांडी घासत होता, त्याचा आवाज थांबला. शर्वरीने बाहीने नाक पुसलं. लहानपणापासूनची घाण सवय.

"सातव्यात विमानात बसायला डॉक्टरांचं पत्र लागतं," ती म्हणाली. "उद्या जाऊन घेते. मार्लनला पण सुट्टी काढावी लागेल."

मार्लन हात पुसत पडद्यासमोर आला. बाहुबली तोवर माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. मार्लनने विचारलं, "मिरजेत लोक मला बघून काय म्हणतील?"

मी खोटं बोलू शकले असते. छान बोलता येतं मला. "म्हणतील," मी म्हटलं. "बाजारात म्हणतील, रिक्षात म्हणतील, आमच्या नात्यातले जेवायला बसल्यावर म्हणतील. काही अगदी प्रेमाने म्हणतील."

त्याने मान हलवली. त्याला हे माहीतच होतं.

"पण आता मलाही लागेल," मी म्हटलं. "तू सरकायचं नाहीस. मी बघते त्यांच्याकडे."